नवा बुश टाकूनही गजन पिनची टकटक परत का येते?

इंजिन उघडलं, लायनर-पिस्टन नवे टाकले, गजन पिनचे (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचे) बुशही बदलले. पन्नास-शंभर तास चालल्यावर तीच बारीक, कडक टकटक पुन्हा सुरू. मग 'बुश डुप्लिकेट निघाला' असं ठरतं, दुसरा आणला जातो आणि तोही त्याच वाटेने जातो. बुश खराब निघतो, नाही असं नाही. पण ही तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष बहुतेक वेळा बुशाच्या शेजारी असतो: तो ज्या भोकात बसवला ते भोक, तो ज्या पिनवर चालतो ती पिन, किंवा आतलं माप काढताना रीमर (भोक कापून मापाला आणणारं हत्यार) कोणत्या रेषेत फिरला ते. यातली पहिली दोन मापं बुश दाबण्याआधीच घ्यावी लागतात. नंतर घेऊन उपयोग नाही.

पुढचं सगळं ट्रॅक्टर, पंपसेट आणि जनरेटरच्या फोर-स्ट्रोक डिझेल इंजिनांसाठी आहे. यांत पिन मोकळी असते, दोन्ही टोकांना सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते आणि कनेक्टिंग रॉडच्या स्मॉल एंडमध्ये, म्हणजे पिस्टनकडच्या टोकात, ब्राँझचा किंवा स्टीलची पाठ असलेला बुश असतो. पेट्रोल गाड्यांच्या बऱ्याच इंजिनांत पिन रॉडमध्येच घट्ट दाबलेली असते आणि बुश नसतोच. टू-स्ट्रोकमध्ये निडल बेअरिंग येतं. त्या दोन्हींचं काम वेगळं.

आधी आवाज ओळखा

पिनचा आवाज हलका, कडक आणि जोडीने येणारा असतो. टक-टक, मग थोडी उसंत, पुन्हा टक-टक. आयडलवर किंवा त्याच्या जरा वर तो स्पष्ट ऐकू येतो आणि इंजिन गरम झालं तरी जात नाही. पिस्टन लायनरवर आपटत असेल तर आवाज थंड इंजिनात मोठा आणि गरम झाल्यावर कमी होतो. बिग एंडचा, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा, आवाज जड आणि खोल असतो, लोड आल्यावर किंवा थ्रॉटल एकदम सोडल्यावर वाढतो.

खात्री करायची असेल तर आयडलवर एकेका इंजेक्टरच्या हाय प्रेशर पाइपचा नट सैल करून तो सिलिंडर बंद पाडा. हात आणि तोंड फवाऱ्यापासून लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं. सिलिंडर बंद होताच आवाज पूर्ण थांबला तर ती ज्वलनाची ठोक असू शकते. अशा वेळी इंजेक्टर आणि पंपाचं टायमिंग आधी बघा. आवाज थांबला नाही, फक्त त्याचा सूर बदलला, मंद झाला किंवा जोडीचा एकेरी झाला, तर संशय पिनवर घ्या. टायमिंग पुढे असल्यानेच बुश मार खात असेल तर दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात, त्यामुळे एका चाचणीवर निकाल देऊ नका.

जुना बुश भंगारात टाकण्याआधी नीट बघा

काढलेला बुश बरंच काही सांगतो, आणि नेमका तोच सगळ्यात आधी भंगाराच्या डब्यात जातो. उभा चिरा आणि उजेडात धरा.

फोर-स्ट्रोक डिझेलमध्ये ज्वलनाचा सगळा दाब पिनमार्फत बुशाच्या खालच्या, म्हणजे बिग एंडकडच्या बाजूवर येतो. त्यामुळे झीज खाली आणि पूर्ण रुंदीभर सारखी असेल तर बुश आपलं आयुष्य जगून गेला. चकाकी समोरच्या काठावर वरती आणि मागच्या काठावर खालती अशी तिरपी असेल, तर रॉड वाकलेला आहे किंवा बुश तिरपा रीम झालाय. दोन्ही काठ चकचकीत आणि मधला पट्टा रीमरच्या खुणांसकट तसाच, याचा अर्थ पिन मधे टेकलीच नाही. पिन मधे झिजून बारीक झाल्यावर असं होतं. उलट दोन्ही तोंडं कर्ण्यासारखी पसरलेली आणि पिन फक्त मधल्या पट्ट्यावर चाललेली दिसली, तर रीमर डुलला होता. बुश काळा-निळा पडला असेल तर तेल पोचत नव्हतं.

मग बाहेरची बाजू बघा. रॉडच्या भोकात घट्ट बसलेल्या बुशाची पाठ मळकट, एकसारखी असते. तिच्यावर घासल्याच्या आडव्या रेघा, चकाकी किंवा तपकिरी पूड असेल तर बुश भोकात फिरत होता. फिरला की त्याचं तेलाचं भोक रॉडच्या भोकासमोरून सरकतं, तेल बंद होतं आणि पुढचं काम एका दुपारचं. 'बुश डुप्लिकेट होता' म्हणून परत आलेल्या रॉडांत ही खूण फार वेळा सापडते.

मोजमाप

पिन: मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा, मधे बुशाच्या जागी आणि दोन्ही टोकांना पिस्टनच्या जागी. प्रत्येक ठिकाणी पिन ९० अंश फिरवून पुन्हा. टोक आणि मध्य यांत ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल किंवा नख फिरवताना पायरी लागत असेल, तर पिन बदला. झिजलेल्या पिनच्या मापाने नवा बुश रीम करणं हा पैसे वाचवायचा सगळ्यात महाग मार्ग आहे. बुश मधे सैल राहतो आणि काठांवर घासतो.

पिस्टनमधलं पिनचं भोकही सोडू नका. साध्या तापमानाला पिन तिथे हाताच्या दाबाने जेमतेम सरकली पाहिजे किंवा अडली पाहिजे. खुळखुळत असेल तर बुश कितीही चांगला असला तरी टकटक राहणार आणि पिस्टनच बदलावा लागणार.

रॉडचं भोक: जुना बुश काढल्यावर बोअर गेजने उभं आणि आडवं, दोन्ही काठांजवळ आणि मधे मोजा. बुशाचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा ०.०५ ते ०.१० मिमी मोठा हवा. नेमका आकडा इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या. ३५-४० मिमीच्या भोकाला हा पल्ला साधारण लागू पडतो. भोक ०.०२ मिमीपेक्षा जास्त अंडाकृती असेल, किंवा बुश आधी फिरल्यामुळे मोठं झालं असेल, तर स्टँडर्ड बुश तिथे टिकणार नाही. उपाय एकच: रॉड बोअरिंग मशीनवर भोक गोल करून घ्यायचं आणि बाहेरून ओव्हरसाइझ बुश टाकायचा. बाजारात मिळत नसेल तर फॉस्फर ब्राँझमधून लेथवर करून घ्या. पितळेचा करू नका, तो या भाराखाली लवकर जातो. पितळ पिवळं दिसतं, ब्राँझला तांबूस झाक असते. तरी रंगावर जाण्यापेक्षा सळई ओळखीच्या दुकानातून घेतलेली बरी.

सैल बुशाच्या पाठीला सेंटर पंचने दाणे मारणं, पत्र्याची पट्टी घालणं, चिकटद्रव लावणं हे सर्रास चालतं. दाणे मारलेला बुश भोकात फक्त त्या टोकांवर टेकलेला असतो. मधली जागा पोकळ, उष्णता रॉडमध्ये जात नाही, आणि दाणे चेपले की बुश पुन्हा फिरायला लागतो.

काढणं आणि दाबणं

पायरीचा मँड्रेल (मापाचा गोल दांडा) करून घ्या: पुढचा भाग बुशाच्या आतल्या मापापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी लहान, आणि खांदा रॉडच्या भोकापेक्षा जवळपास अर्धा मिमी लहान. हायड्रॉलिक प्रेस उत्तम. नसेल तर लांब बोल्ट, नट आणि बुश मावेल असा पाइपचा तुकडा घेऊन ओढून बसवता येतो. हातोड्याने ठोकलेला बुश तिरपा सुरू होतो, भोकातून धातूचा पापुद्रा सोलून काढतो आणि नंतर मोजलं तर घट्टपणा अर्धाच उरलेला असतो.

रॉडच्या भोकाच्या काठाला बारीक चॅम्फर (कलती कड) आहे का ते बघा. नसेल तर कानशीने फक्त धार मोडा. बुशाच्या आणि रॉडच्या तेलाच्या भोकांच्या रेषेत दोन्हींच्या तोंडावर मार्करने खूण करा. स्मॉल एंड एका बाजूने निमुळता असलेल्या रॉडांचे बुशही तसेच कापलेले येतात. ते उलटे बसवले तर काठ बाहेर येऊन पिस्टनला घासतात.

बुश रात्रभर फ्रीजरमध्ये आणि रॉड गरम तेलात, ही जोडी कामाची आहे. ४० मिमी व्यासाचा ब्राँझ बुश ३० अंशांवरून उणे १५ वर गेला की साधारण ०.०३ मिमी आकसतो, आणि रॉड १०० अंशांपर्यंत नेला की त्याचं भोक तेवढंच वाढतं. दोन्ही मिळून ०.०६, म्हणजे घट्टपणाचा बराचसा भाग. गॅसची ज्योत रॉडवर मारू नका, एका बाजूने तापून तो वाकतो.

रॉड गार झाल्यावर बुश काठाशी समतल किंवा किंचित आत आहे का ते पाहा. मग तेलाचं भोक. सिरिंजने रॉकेल मारा आणि धार पूर्ण येते का बघा. स्प्लॅश लुब्रिकेशनच्या इंजिनात हे भोक स्मॉल एंडच्या वर असतं, प्रेशरच्या रॉडमध्ये बिग एंडपासून वर आलेल्या नळीच्या तोंडाशी. कडेने जराशी चंद्रकोर झाकली असेल तर त्याच मापाच्या ड्रिलने साफ करून घ्या, आणि ते रीमिंगच्या आधीच, म्हणजे आतली बर (ड्रिलने उठलेली धातूची धार) रीमरबरोबर निघून जाईल. भोक अर्ध्याहून जास्त झाकलं असेल तर बुश काढा आणि दुसरा घ्या. एकदा दाबून काढलेला बुश परत वापरू नका.

बुश दाबताच पिन त्यात सहज सरकली, तर खूश होऊ नका. दाबल्यावर बुशाचं आतलं माप जवळजवळ घट्टपणाइतकंच कमी होतं, म्हणून पिन अडायलाच हवी. ती सहज गेली तर एक तर बुश भोकात सैल आहे, किंवा तो तयार मापाचा विकतात त्यातला आहे. कोणता ते बोअर गेज सांगेल.

आतलं माप: इथेच बहुतेक कामं बिघडतात

पर्किन्स ४.२३६ या डिझेल इंजिनाचं उदाहरण घेऊ, कारण ते मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर आणि इतर कितीतरी यंत्रांत बसलेलं आहे. पिन ३४.९२१ ते ३४.९२५ मिमी, बसवून रीम केलेल्या बुशाचं भोक ३४.९४४ ते ३४.९६३ मिमी, म्हणजे फट सुमारे ०.०२ ते ०.०४ मिमी. ३० ते ४० मिमी पिनच्या बऱ्याच डिझेल इंजिनांची फट याच्या आसपास येते. तुमच्या इंजिनचा आकडा मात्र त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या. फट ०.०१ च्या खाली गेली तर तेलाला जागा नाही, पिन तापते आणि धरते. ०.०६-०.०७ झाली की टकटक पहिल्या दिवसापासून.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे रॉड बोअरिंग मशीन किंवा पिन होन (दगडाने घासून बारीक माप काढणारं यंत्र). तालुक्याच्या ठिकाणी बोअरिंग-होनिंगवाल्याकडे रॉड देताना 'बुश टाकून पिन सरकव' एवढंच सांगू नका. त्याच्या हातात नवी पिन द्या, फटीचा आकडा कागदावर लिहून द्या, आणि बुशाचं भोक बिग एंड धरून, त्याला समांतर काढायला सांगा. त्याच्याकडे फक्त अ‍ॅडजस्टेबल रीमर असेल तर पुढचं त्यालाही लागू.

रीमर व्हाइसमध्ये उभा धरा आणि रॉड फिरवा. हात स्मॉल एंडजवळ ठेवा. बिग एंड धरून फिरवलं की रॉडचं सगळं वजन आणि तुमचा जोर एका बाजूने ओढतो, आणि भोकाची तोंडं कर्ण्यासारखी पसरतात. पायलट किंवा गाइड स्लीव्ह असलेला लांब रीमर असेल तर तोच घ्या. एका फेरीत ०.०२-०.०३ मिमीपेक्षा जास्त काढू नका, फक्त कापायच्याच दिशेने फिरवा, बाहेर काढतानाही उलटं नाही. उलटं फिरवलं की पात्यांची धार जाते आणि बुशात चरे पडतात. दर फेरीनंतर रॉड उलटा करून दुसऱ्या तोंडाने घाला, म्हणजे टेपर (एका बाजूचा निमुळतेपणा) वाढत नाही. आत उभ्या लहरी उमटल्या तर रीमर थरथरतोय: बोथट आहे किंवा पाती एकदम जास्त उघडलीत. अशा भोकात पिन लहरींच्या माथ्यावर टेकते. माप बरोबर वाटतं, आणि माथे झिजले की फट दुप्पट. होन उपलब्ध असेल तर रीमरने ०.०५ मिमी शिल्लक ठेवा आणि शेवटचं माप होनने काढा. होनिंग करताना बुश तापतो, गरम असताना घेतलेलं माप खोटं येतं. थांबा, गार होऊ द्या, मग मोजा.

मोजणी पुन्हा दोन दिशांना, तीन खोलींवर. टेपर आणि अंडाकृतीपणा मिळून ०.०१ मिमीच्या आत.

अंगठ्याची परीक्षा सगळे करतात, करावी, पण दोनदा: आधी कोरडी, मग तेल लावून. कोरडी पिन घालून टोक वर-खाली हलवा. हाताला डुगडुग लागली तर फट जास्त आहे. तेलाचा थर ही डुगडुग लपवतो, म्हणून फक्त तेल लावून केलेली परीक्षा फसवी. मग पातळ तेल लावल्यावर पिन अंगठ्याच्या सारख्या दाबाने, न अडकता सरकायला हवी, आणि पिन दोन्ही टोकांना धरून रॉड आडवा करून सोडला तर तो आपल्या वजनाने खाली यायला हवा. मधेच एका जागी अडतो आणि पुढे मोकळा होतो, तर तिथे उंचवटा आहे.

रॉड सरळ आहे का

पाणी शिरून इंजिन अडकलं होतं, पिस्टन धरला होता किंवा रॉड कधी तापला होता, तर हे तपासल्याशिवाय बुशाला हातच लावू नये. बिग एंडची कॅप शेलशिवाय (आतल्या बेअरिंगशिवाय), ठरलेल्या टॉर्कने आवळा, दोन्ही भोकांत घट्ट मँड्रेल घाला, बिग एंडचा मँड्रेल व्ही-ब्लॉकवर ठेवा आणि दुसऱ्याच्या दोन्ही टोकांवर डायल गेज फिरवा. पर्किन्सच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा अशी आहे: रॉडच्या मध्यापासून दोन्हीकडे १२७ मिमीवर, बुशाशिवाय ±०.२५ मिमी, बुश बसवून माप काढल्यावर ±०.०६ मिमी. तुमचा मँड्रेल १०० मिमीच बाहेर येत असेल तर बुशासकट ०.०५ च्या आत धरा. हे दोन आकडे बारकाईने पाहिले तर लक्षात येईल की रॉडचा थोडा दोष बुशाच्या तिरप्या रीमिंगने झाकता येतो आणि चांगल्या रॉडवर वाईट रीमिंग तो दोष निर्माणही करतं. म्हणून माप काढल्यानंतर पुन्हा तपासायचं.

मँड्रेल नसेल तर रिंग न घालता पिस्टन-रॉड ब्लॉकमध्ये जोडा, क्रँक हाताने फिरवा, आणि वर, मधे, खाली अशा तीन जागी पिनच्या दिशेने, म्हणजे लायनरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला फिलर गेज घाला. पिस्टनचं डोकं तिन्ही जागी एकाच बाजूला कललेलं, किंवा चढताना एका आणि उतरताना दुसऱ्या बाजूला कललेलं दिसलं, तर रॉड सरळ नाही. कारागीर प्रेसवर वाकवून सरळ करून देतात, पण ट्रॅक्टरच्या रॉडची किंमत आणि तो तुटला तर फुटणाऱ्या ब्लॉकची किंमत समोर ठेवून ठरवा.

जोडताना

रीमिंगचा कीस रॉडच्या तेलाच्या नळीत जाऊन बसतो. रॉकेलने दोन्ही बाजूंनी धुवा, वाकडी तार फिरवा, हवा मारा. पिस्टन ८०-९० अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, पुसा, आणि पिन हाताने घाला. ती हातोडा मागत असेल तर पिस्टन पुरेसा गरम नाही. पिस्टनवरचा बाण आणि रॉडचे नंबर मॅन्युअलप्रमाणे एकमेकांशी जुळवा.

सर्क्लिप प्रत्येक वेळी नव्या. त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली, पिस्टनच्या चालीच्या रेषेत ठेवा. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या हेलकाव्यांनी सर्क्लिप आकसते आणि खाचेतून सुटायला बघते. एकदा सुटली की पिन लायनरला खोल चर पाडते. वाकलेला रॉड पिनला सतत एका बाजूला ढकलतो, म्हणून त्याच सिलिंडरची सर्क्लिप दुसऱ्यांदा सुटली तर दुकानदाराला बोलण्याआधी रॉड तपासा.

चालू करण्याआधी स्टॉप ओढून स्टार्टर मारा, ऑइल प्रेशर दाखवेपर्यंत. दर वेळी दहा-पंधरा सेकंदच, मधे स्टार्टरला विश्रांती.

सगळं बरोबर असूनही एकाच सिलिंडरचा बुश जात असेल

मग इंजिनच्या बाहेर बघा. पंपाचं टायमिंग पुढे असेल तर दाब पिस्टन वर येत असतानाच चढतो आणि बुश रोज हातोडा खातो. पण तसं असतं तर सगळेच बुश लवकर गेले असते. एकच जात असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर टपकतोय का बघा. टपकणारं डिझेल लायनर धुतं आणि सम्पमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) तेल पातळ करतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली, तेलाला डिझेलचा वास, ही त्याची खूण. फीड पंपाचा डायफ्राम फाटला तरी तेल असंच पातळ होतं, फक्त मग सगळ्या सिलिंडरांना भोगावं लागतं. स्प्लॅशच्या सिंगल सिलिंडर पंपसेटमध्ये रॉडखालचा तेल उडवणारा डिपर वाकलाय किंवा तुटलाय का तेही बघा, आणि इंजिन उतारावर तिरकं तर ठेवलं नाही ना.

पहिल्या पन्नास तासांनी तेल बदला आणि फिल्टर कापून कागद उन्हात पसरा. सोनेरी चकाकी दिसली म्हणजे कुठेतरी ब्राँझ झिजतंय. मात्र तो रॉकरचा किंवा टर्बोचा बुशही असू शकतो, म्हणून आधी वरचं टॅपेट कव्हर उघडा. तिथे सगळं ठीक असेल आणि जोडीची टकटकही सुरू झाली असेल, तर तो ट्रॅक्टर नांगराला जोडू नका. त्याच दिवशी सम्प आणि हेड उघडून त्या सिलिंडरचा पिस्टन काढा, कारण पिन अजून सर्क्लिपच्या आत असेल तर लायनर वाचतो.